फरार आणि हजर

१

काही वर्षांपूर्वी बार्शीतील पदव्युत्तर वर्गाला मी 'साहित्य आणि चित्रपट' ही अभ्यासपत्रिका शिकवीत होतो. त्या सत्रात आर्थर पेन यांचा 'बॉनी अँड क्लाइड' (१९६७) हा चित्रपट वर्गात दाखवावा, असे मी ठरविले. हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो पुण्यातील फिल्म ॲप्रिसिएशनच्या उन्हाळी वर्गात, विशीच्या उंबरठ्यावर असताना. तेव्हापासून त्याचे माझ्यावर एक प्रकारचे गारूड होते. महामंदीच्या काळातील धुळीचे रस्ते, जप्ती आलेली शेते, बंद पडलेल्या बँका आणि त्यांतून चोरीच्या मोटारीत भरधाव जाणारी दोन तरुण माणसे ही प्रतिमा माझ्या मनात स्वातंत्र्याच्या प्रतिमेपासून वेगळी काढता येत नव्हती. पुढे मी ह्या विषयावर एक शोधनिबंधही लिहिला. कायद्याबाहेर गेलेल्या प्रेमी जोडप्याची कथा हा पाश्चात्त्य चित्रपटाचा एक स्वतंत्र रूपबंध आहे आणि आपल्याकडे तो उद्भवला नाही, कारण आपल्या कथनपरंपरेत 'जोडपे' हे स्वायत्त एककच नाही, असे त्याचे सूत्र होते. निबंधाचे बऱ्यापैकी स्वागत झाले. तो वर्गात शिकविताना मला स्वतःविषयी बरे वाटत असे.

त्या दिवशी चित्रपट संपला, दिवे लागले आणि मी नेहमीप्रमाणे रूपबंधाची लक्षणे फळ्यावर लिहू लागलो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, आपल्याकडं असलं जोडपं नव्हतं असं तुम्ही म्हणता. माझ्या आजी-आजोबांचं लग्न सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत झालं. दोघांचीबी रोज हजेरी व्हायची. चोरी दोघांनीबी केलेली नव्हती. त्यांना कुठं बसवायचं?"

वर्ग शांत झाला. मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे मला तेव्हाच कळले होते. प्रस्तुत लेखन हा त्या प्रश्नाकडे उशिरा परतण्याचा प्रयत्न आहे. विद्यार्थिनीच्या संमतीने तिचा प्रश्न येथे देत आहे. तिचे नाव आणि तिची जमात मात्र लिहीत नाही.

२

आधी ज्या जोडप्याने मला भुरळ घातली त्याविषयी. बॉनी पार्कर हिचा जन्म १९१० चा, क्लाइड बॅरो ह्याचा १९०९ चा. दोघेही टेक्सासमधील गरीब घरांतले. त्यांची भेट १९३० च्या जानेवारीत झाली. त्यानंतर क्लाइडची रवानगी ईस्टहॅमच्या तुरुंगशेतीवर झाली. तेथील अमानुष श्रमांतून सुटका व्हावी म्हणून त्याच्या पायाची दोन बोटे तोडली गेली, आणि थोड्याच दिवसांत, १९३२ च्या फेब्रुवारीत, तो पॅरोलवर सुटलाही. पुढील सव्वादोन वर्षे म्हणजे दंतकथेचा काळ. १९३४ च्या २३ मे रोजी लुइझियाना राज्यातील बिएनव्हिल परगण्यातील एका रस्त्यावर दबा धरून बसलेल्या सहा पोलिसांनी त्यांच्या फोर्ड मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला आणि ती दोघे जागीच मेली.

दंतकथा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर अभ्यासकांनी पुष्कळ वेळा मोजले आहे. चित्रपटातील क्लाइड हा बँकेने बेघर केलेल्या शेतकऱ्याच्या हातात पिस्तूल देतो आणि त्याला त्याच्याच जप्त घरावर नेम धरू देतो. प्रत्यक्षातील टोळीने बँकांपेक्षा वाण्यांची दुकाने आणि पेट्रोलपंपच अधिक लुटले. टोळीच्या नावावर सुमारे तेरा खून आहेत आणि त्यांत नऊ पोलीस आहेत. १९३३ च्या जूनमध्ये मोटार कोसळून बॉनीचा पाय भाजला आणि उरलेल्या आयुष्यात तिला धड चालता येईना. क्लाइड तिला उचलून नेई. ही लंगडणारी बॉनी पेन यांच्या चित्रपटात नाही. फे डनवेची बॉनी शेवटपर्यंत डौलाने चालते.

ह्या जोडप्याला रूपबंध प्राप्त करून देणाऱ्या गोष्टी माझ्या निबंधात मी तीन सांगितल्या होत्या. पहिली मोटार. १९३२ साली बाजारात आलेल्या व्ही-एट इंजिनाच्या फोर्डने पोलिसांच्या गाड्यांना मागे टाकता येत होते. शेजारी-शेजारी दोन माणसांना बसविणारी, कुटुंब मागे सोडणारी आणि परगण्याची हद्द ओलांडली की पाठलाग सैल करणारी ही वस्तू म्हणजे जोडप्याचे घर. दुसरी कॅमेरा. १९३३ च्या एप्रिलमध्ये जॉप्लिन गावातील त्यांच्या लपण्याच्या जागेवर छापा पडला, तेव्हा न धुतलेले फिल्मचे रोल पोलिसांच्या हाती लागले. तोंडात चिरूट आणि हातात पिस्तूल घेतलेली बॉनी वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचली ती त्यामुळे. पण ती छायाचित्रे त्यांनी स्वतःची स्वतः, गंमत म्हणून काढलेली होती. तिसरी लेखणी. बॉनी कविता लिहीत असे आणि आपल्या दोघांच्या अंताचे भाकीत करणारी कविता तिने मृत्यूपूर्वीच लिहून ठेवली होती. गती, प्रतिमा आणि शब्द ह्या तिन्हींवर त्या जोडप्याचा काही काळ तरी ताबा होता. म्हणूनच त्यांची कथा होऊ शकली.

चित्रपटाने ती कथा लगेच उचलली. फ्रिट्झ लँग यांचा 'यू ओन्ली लिव्ह वन्स' १९३७ चा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड अँडरसनच्या कादंबरीवरून निकोलस रे यांनी १९४८ मध्ये 'दे लिव्ह बाय नाइट' केला आणि तिच्यावरूनच १९७४ मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी 'थीव्हज लाइक अस' केला. मध्यंतरी 'गन क्रेझी' (१९५०) येऊन गेला, आणि पेन यांच्यानंतर टेरेन्स मॅलिक यांचा 'बॅडलँड्स' (१९७३). ह्या सर्वांत एक समान धागा आहे. जोडप्याला निवड असते. निवड चुकीची असेल, परिस्थितीने जवळजवळ लादलेली असेल. परंतु कोणत्या तरी एका क्षणी दोन माणसे एकमेकांकडे पाहतात आणि मोटारीत बसतात. तो क्षण नसेल तर हा रूपबंध उभाच राहत नाही.

३

आपल्याकडे तसा क्षण का नाही, ह्याचे उत्तर मी परंपरेत शोधले होते. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही मराठीतील बंडखोराची सर्वश्रेष्ठ कादंबरी. तिच्यावरील चित्रपट १९६३ मध्ये आला आणि त्यात सूर्यकांत यांनी फकिराची भूमिका केली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो. ह्या कथेची भावनिक नाळ फकिरा आणि त्याची पत्नी यांच्यात बांधलेली नाही. ती बांधलेली आहे मृत पिता राणोजी, माता राधा आणि संपूर्ण मांगवाडा यांच्याशी. मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया'तील (१९५७) आईचे नावही राधाच. तेथे तर बंडखोर बिरजूचा शेवट आईच्याच बंदुकीने होतो. सुनील दत्त पुढे 'मुझे जीने दो'मध्ये (१९६३) दरोडेखोर होऊन आले. तेथे नायिका आहे, प्रेम आहे. तरीही कथा झुकते ती मुलाच्या भवितव्याकडे. ह्यावरून मी असा निष्कर्ष काढला होता की आपल्या कल्पनाविश्वात बंडखोराचे नाते आईशी, कुळाशी आणि गावाशी असते; प्रेयसीशी ते गौण असते.

ह्या निष्कर्षाला एक स्थानिक उब होती, हेही कबूल केले पाहिजे. बार्शीतील कर्करोग रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. माझी आजी तेथे उपचार घेत असताना मी कित्येक दुपारी त्या नावाखाली बसून काढल्या आहेत. आईच्या हातून मुलाला गोळी घालणारी राधा आणि दुखण्याने वाकलेल्या बायाबापड्यांना आपल्या नावाखाली घेणारी नर्गिस यांची माझ्या मनात सरमिसळ झाली होती. 'आपल्याकडे आई, तिकडे प्रेयसी' हे समीकरण मला तर्काने पटले त्याहून अधिक ते मला सवयीचे होते.

समीकरण पूर्ण खोटे नव्हते. परंतु 'फकिरा'चा शेवट मी नीट वाचलेला नव्हता. फकिराला पकडता येत नाही तेव्हा सरकार त्याच्या माणसांना, बायकापोरांना डांबते. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून हजर होतो. मी ह्या प्रसंगाचे वर्णन 'समूहनिष्ठेचा विजय' असे केले होते. विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी तो पुन्हा वाचला, तेव्हा एक साधी गोष्ट दिसली. फकिराला आणि त्याच्या पत्नीला मोटारीत बसून निघून जाण्याचा पर्यायच नाही. कारण ज्या कायद्याशी त्याची गाठ आहे तो कायदा त्या दोघांना 'दोघे' म्हणून ओळखत नाही. तो जमात ओळखतो. एकजण पळाला तर मागे राहिलेले सर्व त्याच्या वतीने हजर असतात. परंपरेचा गुण म्हणून मी जे वाचले ते पुष्कळ अंशी कायद्याचे कलम होते.

४

ते कलम थोडक्यात असे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग नेहमी गुन्हे करतो असे सरकारला वाटले, तर राजपत्रातील अधिसूचनेने त्यास 'गुन्हेगार जमात' ठरविता येई. ती अधिसूचना हाच अंतिम पुरावा. न्यायालयात तिला आव्हान नाही. नोंद झालेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेतले जात, त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, पासाशिवाय हद्द ओलांडता येत नसे. त्यांना वसाहतीत आणून ठेवण्याचा आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक वा सुधारशाळेत घालण्याचा अधिकार सरकारला होता.

मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. विविध जमातींची कुटुंबे तेथे काटेरी तारेच्या आत राहत. त्यांतील अनेक स्त्री-पुरुष सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला जात आणि परतून हजेरी देत. काही काळ वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मंदीच्या वर्षांत अमेरिकेतून आलेले लोक सोलापुरात ह्या कुटुंबांना 'सुधारत' होते आणि त्याच वर्षांत त्यांच्या मायदेशी बॉनी आणि क्लाइड मोटार पळवीत होते, हा योगायोग मी माझ्या निबंधात कधी नोंदविला नव्हता. तो मला दिसलाच नव्हता.

सोलापूरच्या त्या दशकाची आपली सार्वजनिक स्मृती वेगळी आहे. १९३० च्या मे महिन्यातील मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही नावे आमच्या जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. ते योग्यच आहे. पण येथेही एक भेद दिसतो. त्या चौघांवर, कितीही अन्याय्य असो, नावानिशी खटला झाला. तारेच्या आतील माणसावर खटला चालविण्याची गरजच नव्हती. त्याचा निकाल त्याच्या जन्माआधी राजपत्रात छापून आलेला होता.

आता माझ्या तीन लक्षणांकडे पुन्हा पाहावे. मोटार म्हणजे गती. क्लाइडच्या कथेत गती ही गुन्ह्यानंतरची सुटका आहे. ह्या कायद्यात गती हाच गुन्हा होता. पिढ्यान्पिढ्या भटकून जगणाऱ्या माणसाने पासाशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकले की तो गुन्हेगार ठरे. कॅमेरा म्हणजे स्वतःची प्रतिमा. येथे प्रतिमा सरकारची होती: रजिस्टरातील बोटांचे ठसे, आणि मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याच्या १९०८ च्या पुस्तकासारख्या ग्रंथांतून जमातवार मांडलेली वर्णने, म्हणजे पोशाख, बोली, चोरीच्या रीती. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गुन्हेगार जाती' हे पुस्तकही ह्याच पठडीतले. 'गावगाडा' लिहिणाऱ्या इतक्या सूक्ष्म निरीक्षकालाही ती चौकट मोडता आली नाही. आणि लेखणी? आपल्याविषयी लिहिण्याचा अधिकार तारेच्या आतील जोडप्याच्या नातवंडांपर्यंत येऊन पोहोचायला अर्धे शतक जावे लागले.

५

ह्या ठिकाणी मला माझ्या घरी यावे लागते. माझे आजोबा बार्शीहून सोलापुरास गेले आणि तेथील एका गिरणीत हजेरी कारकून म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षे काढली. आम्ही नातवंडे उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर झोपत असू, तेव्हा ते गोष्टी सांगत. दरोडेखोरांच्या गोष्टींची त्यांना फार आवड. उमाजी नाईकांपासून तमाशाच्या वगांतील बंडखोरांपर्यंत सगळ्यांची नावे, त्यांच्या घोड्यांचे रंग आणि त्यांच्या फितूर साथीदारांची गावे त्यांना तोंडपाठ. कधीमधी सेटलमेंटहून गिरणीत येणाऱ्या कामगारांचाही विषय निघे. आजोबा म्हणत, "कामाला वाघ होते. पण त्यांची हजेरी दोनदा लावायची, येताना अन् जाताना." त्यांच्याविषयी ते वाईट कधी बोलले नाहीत. मात्र त्यांच्या तोंडून त्या लोकांपैकी एकाचेही नाव मी ऐकले नाही. नेहमी जमात. 'एक अमका होता, एक तमकी होती', आणि अमका-तमकीच्या जागी जमातीचे नाव. ज्या माणसांची नावे त्यांनी वर्षानुवर्षे रोज दोनदा वाचली, त्यांतले एकही त्यांच्या गोष्टीत शिल्लक राहिले नव्हते.

आजोबांचा येथे न्याय करण्याचा माझा हेतू नाही. ते आपले काम करीत होते आणि त्यांचे अक्षर फार सुंदर होते. माझे अक्षर त्यांनीच वळविले. मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की माझा शोधनिबंध त्यांच्या त्या गोष्टींसारखाच लिहिलेला होता. अमेरिकन जोडप्याच्या बाबतीत मी नावे, तारखा, पायाचे भाजणे इथपर्यंत तपशील गोळा केला होता. 'आपल्याकडे' ह्या शब्दाखाली मात्र मी एक संस्कृती, एक परंपरा, एक मानसिकता अशी ठोक नोंद करून मोकळा झालो होतो. तिकडे व्यक्ती, इकडे जमात. ही वाटणी मी वाचनातून शोधून काढली असे मला वाटत होते. ती रजिस्टरातून माझ्याकडे आली होती.

आपल्या समीक्षेत हा दोष माझ्या एकट्याचा आहे असे मला वाटत नाही. १९५९ हे साल घ्या. त्या वर्षी 'फकिरा' प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी एरिक हॉब्सबॉम यांचे 'प्रिमिटिव्ह रेबेल्स' आले आणि 'सामाजिक बंडखोर' ही संकल्पना इतिहासलेखनात रुजली. पुढे 'बँडिट्स'मध्ये (१९६९) तिचा विस्तार झाला. ह्या दोन्ही गोष्टी आपण एकत्र शिकवितो, आणि 'फकिरा'ला हॉब्सबॉमच्या चौकटीत बसवून परीक्षेत प्रश्न घालतो. परंतु त्याच १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला, हे आपण त्या तासाला सांगत नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. नोंदवहीची सवय मात्र नव्या नावाने पुढे चालू राहिली. बंडखोराची कादंबरी, बंडखोराचा सिद्धान्त आणि बंडखोर म्हणून आधीच नोंदलेल्यांवरील कायदा ही तीन पुस्तके एकाच वर्षाची आहेत. पहिल्या दोहोंना आपण साहित्य म्हणतो आणि तिसरे वकिलांसाठी सोडून देतो.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), भीमराव गस्ती यांचे 'बेरड' (१९८७) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ह्या आत्मकथनांवरही आपण भरपूर लिहिले, पण बहुधा 'वेदना' आणि 'विद्रोह' ह्या दोन शब्दांच्या परिघात. मी ती पुस्तके पुन्हा वाचली ती जोडप्यांसाठी. त्यांत नवरा-बायको सर्वत्र आहेत: पोटापाण्यासाठी एकत्र फिरणारी, पोलिसांच्या छाप्यात एकत्र मार खाणारी, एक आत असताना दुसऱ्याने चूल पेटती ठेवलेली. त्यांच्या प्रेमाला वेगळे प्रकरण दिलेले नाही. ते अंगावर येणाऱ्या धाडीच्या दोन ओळींमध्ये आहे. पाश्चात्त्य रूपबंधाची पट्टी घेऊन वाचणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो निवडीचा क्षण शोधीत असतो. येथे क्षण निवडीचा नसून टिकण्याचा आहे.

६

विद्यार्थिनीचा प्रश्न मी नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'पाशी (२०१६) नेऊन पाहतो, तेव्हा तो आणखी अवघड होतो. मंजुळे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. कैकाडी कुटुंबाची कथा सांगणारा त्यांचा 'फँड्री' (२०१३) आधी आला होता. 'सैराट'कडे प्रेमकथा म्हणून पाहिले गेले, जातवास्तवाची कथा म्हणूनही. माझ्या मते तो मराठीतील पहिला पूर्णार्थाने फरारी जोडप्याचा चित्रपट आहे. त्यात पलायन आहे, पाठलाग आहे, परक्या शहरातील आडोसा आहे, आणि शेवटी गाठून मारणे आहे. फक्त गुन्हा नाही. आर्ची आणि परश्या यांनी काहीही लुटलेले नाही. मराठीत 'पळून गेलेले जोडपे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दरोडेखोर येत नाहीत, लग्नासाठी घर सोडलेली दोन मुले येतात; भाषेने हे उत्तर कधीच देऊन ठेवले होते. आपल्याकडे माणसे जोडपे होऊन कायद्याबाहेर जात नाहीत. जोडपे होणे हेच पुष्कळदा बाहेर जाणे ठरते, आणि त्यासाठी सरकारच्या अधिसूचनेची गरज पडत नाही.

दोन चित्रपटांचे शेवट शेजारी ठेवून पाहावेत. पेन यांनी मृत्यू अनेक कॅमेऱ्यांनी, निरनिराळ्या वेगांनी टिपला आणि डीडी ॲलन यांच्या संकलनाने त्याचे एक भीषण नृत्य केले. मृत्यूतही ती दोन शरीरे पडद्याची मालक आहेत. मंजुळे हत्या दाखवीतच नाहीत. आवाज थांबतो आणि एक लहान मूल रक्ताने माखलेली पावले उमटवीत बाहेर जाते. मारणारे सरकारचे नाहीत, माहेरचे आहेत. भेटवस्तू घेऊन आलेले, चहा घेतलेले. हा शेवट पाहून मी सुन्न झालो होतो, पण तो माझ्या निबंधाला छेद देतो हे तेव्हा लक्षात आले नाही. 'आपल्याकडे कुटुंब हे बंडखोराचे आश्रयस्थान असते' असे मी लिहिले होते.

मात्र पश्चात्तापाच्या भरात दुसऱ्या टोकाला जाऊन अमेरिकन जोडप्याला केवळ चैनीचे बंडखोर ठरविणेही योग्य नाही. तुरुंगशेतीत पायाची बोटे तोडून घेणे ही चैन नव्हे. त्याचबरोबर त्यांच्या कथेने चौकटीबाहेर ठेवलेल्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. १९३४ च्या १ एप्रिलला ग्रेपव्हाइनजवळ दोन तरुण गस्तपोलीस मारले गेले. त्यांतील मर्फी ह्याचे लग्न ठरलेले होते. त्याच्या वाग्दत्त वधूने लग्नाचा पोशाख घालून त्याला निरोप दिला. हेही एक जोडपेच. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही, कारण त्यांच्या कथेत गती नव्हती. बॉनी आणि क्लाइड यांनाही शेजारी-शेजारी पुरले गेले नाही. बॉनीच्या आईने ते मानले नाही. म्हणजे तिकडेही शेवटचा शब्द कुटुंबाचाच होता. जोडप्याची स्वायत्तता ही दोन्ही देशांत थोड्या काळाची, उसनवारीची गोष्ट आहे. फरक आहे तो ती उसनी घेण्याची मुभा कोणाला होती, ह्यात.

७

सोलापुरात त्या वसाहतीच्या परिसराला आजही सेटलमेंट म्हणतात आणि शेजारच्या वस्त्यांना 'फ्री कॉलनी'. रिक्षावाला हे शब्द सहज उच्चारतो. एखाद्या वस्तीला 'फ्री' म्हणावे लागते, ह्यातच तिच्या शेजारी काय होते ते आले. 'हजर', 'हजेरी', 'फरार' हे शब्दही असेच सहज झालेले. फारसी दप्तराच्या वाटेने ते मराठीत आले. 'फकिरा'चा नायक शेवटी 'हजर' होतो आणि त्याच्या जमातीवर 'हजेरी' लादलेली असते. एकाच मुळाचे हे दोन शब्द कादंबरीचा आरंभ आणि अंत बांधून ठेवतात. ही गोष्ट मी आता वर्गात सांगतो. माझ्या जुन्या निबंधाचे सूत्र सांगत नाही. तो मागे घेण्याचा काही मार्ग नसतो, छापलेले राहते. त्याच्या बाजूला हे लेखन ठेवता येईल, एवढेच.

त्या विद्यार्थिनीने पुढे आपल्या आजीच्या आठवणींवर प्रबंधिका लिहिली. मार्गदर्शक म्हणून माझे नाव आहे. मार्गदर्शन कोणी कोणाचे केले हे सांगणे कठीण. तिच्या आजीने तिला सांगितले होते की हजेरीच्या रांगेत बायका आणि पुरुष वेगळे उभे राहत, आणि नाव पुकारल्यावर आजोबा मुद्दाम मोठ्याने ओ देत, पलीकडच्या रांगेत ऐकू जावी म्हणून. चित्रपटाच्या भाषेत बोलायचे तर हा निवडीचा क्षण आहे. मी तो तीस पानांच्या निबंधात नाकारला होता.

परवा सत्राचा पहिला तास होता. मी हजेरीपट उघडला. आमच्याकडे वेळ वाचावा म्हणून क्रमांक पुकारण्याची पद्धत आहे आणि मीही इतकी वर्षे तेच करीत आलो. त्या दिवशी नावे वाचली. पंचेचाळीस नावांना बराच वेळ लागला.